पाण्याची पारख

व्यापाऱ्याचे निम्मे आयुष्य पारख करण्यात जाते. पोत्यात सळी खुपसून मूठभर दाणे तळहातावर घ्यावे, फुंकर मारावी, दाणा दाताखाली धरून पाहावा आणि मगच भाव बोलावा, ही आमच्या धंद्याची पहिली शिकवण. परंतु ज्या वस्तूवाचून घरातील एक प्रहरही जात नाही, त्या पाण्याची पारख आमच्यापैकी किती जणांनी केली असेल? आम्ही स्वतः ती साठीच्या उंबरठ्यावर येईपर्यंत केली नव्हती. ती न केल्यामुळे आमच्या हातून दोन चुका घडल्या. त्यांपैकी एकीचा भुर्दंड आमचा आम्हांस बसला. दुसरीचा मात्र एका निरपराध माणसास बसला. सभासद बंधु-भगिनींस उपयोग व्हावा, म्हणून त्या चुकांपासूनच या लेखास आरंभ करतो.

काही वर्षांपूर्वी उपनगरातील एका किरकोळ दुकानदाराने आमच्या पेढीवरून नेलेली तूरडाळ परत पाठविली. डाळ कितीही शिजविली तरी मोडत नाही, अशी गिऱ्हाइकांची तक्रार होती. आम्ही फारशी शहानिशा न करता डाळगिरणीच्या मालकास जुना माल गळ्यात मारल्याबद्दल कडक शब्दांत सुनावले आणि बिलातून रक्कम कापून घेतली. पुढे सहा महिन्यांनी दुसऱ्या गिरणीच्या डाळीबद्दल त्याच दुकानदाराकडून तीच तक्रार आली. त्याच लॉटमधील पोती शहरातील जुन्या पेठांत गेली होती. तेथून मात्र चकार शब्द आला नव्हता. तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी सुचविले, की त्या वस्तीतील पाणीच आणून पाहावे. एका पातेल्यात नळाचे पाणी, दुसऱ्यात त्या वस्तीतील कूपनलिकेचे पाणी, डाळ एकच आणि आच एकच. नळाच्या पाण्यातील डाळ वेळेवर मऊ झाली. कूपनलिकेच्या पाण्यातील डाळ पाण्यावर तरंगत तशीच राहिली. दोष डाळीचा नव्हता, पाण्याचा होता. कापलेली रक्कम आम्ही व्याजासह परत केली व त्या वर्षीच्या क्षमावणीस त्या गृहस्थांच्या घरी जाऊन क्षमा मागितली. त्यांनी ती मोठ्या मनाने दिली. तथापि वहीतील रक्कम परत करता येते, उच्चारलेला शब्द परत घेता येत नाही, हे त्या दिवशी पुरते उमगले.

दुष्फेन पाणी म्हणजे काय?

पाऊस पडतो तेव्हा पाण्यात क्षार जवळजवळ नसतात. जमिनीत मुरताना ते खडकांतील कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार विरघळवून घेते. असे क्षार अधिक असलेल्या पाण्यात साबणाचा फेस होत नाही, उलट पांढरा साका धरतो. म्हणून शालेय पुस्तकांत त्यास ‘दुष्फेन’ पाणी म्हणतात. बोलीभाषेत आपण त्यालाच जड पाणी म्हणतो. डाळीच्या दाण्यास घट्ट धरून ठेवणारा जो पेक्टिन नावाचा पदार्थ असतो, त्याच्याशी हे कॅल्शियम जखडून बसते व दाणा मोडू देत नाही. डाळ शिजण्यास आपण चिमूटभर सोडा घालतो, त्याचे मर्म पुष्कळसे येथेच आहे.

दुष्फेनता दोन प्रकारची असते. बायकार्बोनेट क्षारांमुळे येणारी ती तात्पुरती. पाणी उकळले की ती पुष्कळशी तळाशी बसते. पाणी तापविण्याच्या बंबात किंवा गिझरमध्ये जे पांढरे पुट चढते ते हेच. सल्फेट व क्लोराइड क्षारांमुळे येणारी ती कायमची. ती उकळून जात नाही.

मोजमाप कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात, दर लिटरला इतके मिलिग्रॅम, असे करतात. भारतीय मानक ब्यूरोच्या २०१२ च्या पेयजल मानकाप्रमाणे (आय. एस. १०५००) दुष्फेनता २०० पर्यंत स्वीकारार्ह आणि दुसरा स्रोत नसल्यास ६०० पर्यंत चालू शकते. एकूण विरघळलेले क्षार, ज्यास इंग्रजी आद्याक्षरांवरून टी. डी. एस. म्हणतात, ते अनुक्रमे ५०० व २००० मिलिग्रॅम. फ्लोराइड १ व १.५ मिलिग्रॅम. नायट्रेट ४५ मिलिग्रॅम, आणि त्यात सवलत मुळीच नाही. परदेशी यंत्रांच्या माहितीपत्रकांत दुष्फेनता ‘ग्रेन’मध्ये लिहिलेली आढळते. आम्हां धान्यवाल्यांस गंमत वाटेल, की हे वजन मुळात जवाच्या दाण्यावरूनच आलेले आहे. अमेरिकन गॅलनला एक ग्रेन म्हणजे लिटरला सुमारे १७.१ मिलिग्रॅम.

आमची दुसरी चूक

डाळीच्या प्रकरणानंतर शहाणपण यावयास हवे होते. परंतु त्यापूर्वीच आम्ही घरी एक यंत्र बसवून मोकळे झालो होतो. एक चुणचुणीत विक्रेता घरी आला. त्याने दोन पेल्यांत पाणी घेतले, एकात आमच्या नळाचे व दुसऱ्यात आपल्या यंत्राचे. दोहोंत धातूच्या कांड्या बुडवून वीज सोडली. क्षणात नळाचे पाणी तपकिरी व गाळकट झाले. यंत्राचे स्वच्छ राहिले. घरातील मंडळी घाबरली आणि आम्ही तत्काळ रक्कम मोजली.

पुढे कळले, की तो गाळ पाण्यातील नव्हताच. तो कांडीच्या लोखंडाचा होता. पाण्यात थोडे क्षार असले की वीज वाहते व लोखंड झिजून गंज तयार होतो. यंत्राच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसल्याने वीज वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ दिसते. त्याच स्वच्छ पाण्यात चिमूटभर मीठ टाकून पाहावे. तेही तसेच तपकिरी होईल. आमच्या दुकानी कोणी असा नमुना दाखविता, तर आम्ही त्यास उंबरठाही ओलांडू दिला नसता!

मग आम्ही उशिरा का होईना, पाणी तपासून घेतले. बेळगाव शहरास राकसकोप व हिडकल येथील जलाशयांतून पाणी मिळते. आमच्या स्वयंपाकघरातील नळाच्या पाण्याचा टी. डी. एस. ११० व दुष्फेनता ६० भरली. म्हणजे जेथे यंत्र बसविले तेथे क्षार काढण्याची गरजच नव्हती. उलट न्हाणीघरात येणाऱ्या आमच्या कूपनलिकेच्या पाण्याची दुष्फेनता ४२० निघाली. तेथे गिझरची कांडी वरचेवर जळत होती, कपडे पिवळट होत होते आणि सुनेचे केस राठ झाले होते. औषध एका रोगाचे आणि रोगी दुसराच, असा तो प्रकार होता.

रोगाप्रमाणे औषध

धान्याच्या वखारीत एकच चाळण ठेवून चालत नाही. खड्यांची चाळण वेगळी, मातीची वेगळी, आणि किडीस तर चाळण उपयोगीच नाही, तेथे ऊनच दाखवावे लागते. पाण्याचेही तसेच आहे.

गढूळपणा, वाळू व गंजाचे कण यांसाठी धाग्याची किंवा कापसासारखी गाळणी पुरते. क्लोरीनचा वास व चव घालविण्यास सक्रिय कोळसा लागतो. तो पुष्कळदा नारळाच्या करवंटीपासून करतात. रोगजंतूंसाठी तीन उपाय आहेत: खळखळून उकळणे, अतिनील किरणांचा दिवा, अथवा अतिसूक्ष्म छिद्रांच्या पोकळ धाग्यांची गाळणी. दिव्यास वीज लागते, पाणी स्वच्छ असावे लागते आणि दिवा सुमारे वर्षाने बदलावा लागतो. तो जळत दिसला तरी त्याची शक्ती उतरलेली असते. पोकळ धाग्यांच्या गाळणीस वीज लागत नाही, परंतु काही अतिसूक्ष्म विषाणू तीतून निसटू शकतात. या तिन्हींपैकी एकही उपाय विरघळलेले क्षार काढून टाकीत नाही, अपवाद केवळ उकळण्याने खाली बसणाऱ्या तात्पुरत्या दुष्फेनतेचा. फ्लोराइड व नायट्रेट तर उकळल्याने जात नाहीतच, पाणी आटल्यामुळे त्यांचे प्रमाण उलट वाढते. तान्ह्या मुलांस नायट्रेट विशेष घातक असल्याने मातांनी हे ध्यानात ठेवावे.

विरघळलेले क्षार, फ्लोराइड, नायट्रेट मर्यादेबाहेर असतील तेथे मात्र आर. ओ., म्हणजे दाबाने पडद्यातून पाणी ढकलणारे यंत्र, हाच घरगुती मार्ग. ते खरेदी करताना आय. एस. १६२४० या मानकाची खूण पाहावी. याच्या पडद्यास क्लोरीन बाधते, म्हणून कोळशाची गाळणी त्याच्या आधी असते. परंतु या यंत्राचा एक मोठा दोष आहे: साधारण घरगुती यंत्र एक लिटर पाणी देताना तीन लिटर बाहेर टाकते. सहा माणसांच्या कुटुंबास पिण्या-रांधण्यास रोज ३० लिटर धरले, तर ९० लिटर पाणी मोरीत जाते. वर्षाचे झाले ३२,८५० लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे तीन टँकर भरून वर उरावे इतके! राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये ५०० मिलिग्रॅमहून कमी क्षार असलेल्या पाण्यासाठी अशा यंत्रांस बंदी करण्याचे निर्देश शासनास दिले होते, ते याच कारणास्तव. ज्यांना यंत्र खरोखरच आवश्यक आहे त्यांनी टाकाऊ पाणी पिंपात साठवून फरशी पुसण्यास व शौचालयात वापरावे.

मृदू पाण्याचे यंत्र

दुष्फेनता काढण्याचे खरे यंत्र म्हणजे ‘सॉफ्टनर’. त्यातील राळेचे बारीक मणी कॅल्शियम व मॅग्नेशियम धरून ठेवतात व त्यांच्या बदल्यात सोडियम सोडतात. हा सरळ सरळ मालाच्या अदलाबदलीचा व्यवहार आहे. मण्यांचा साठा संपला की मिठाचे पाणी सोडून त्यांत पुन्हा सोडियम भरतात. यामुळे टी. डी. एस. कमी होत नाही. तेव्हा खिशातील मीटरवर आकडा तोच दिसला, म्हणून यंत्र निकामी आहे असे समजू नये. पाहावयाचा तो फेस, आणि दुष्फेनता मोजण्याचे थेंब.

आकार कसा ठरवावा? खतावणीसारखा हिशेब मांडावा. स्नान, कपडे व गिझर यांसाठी रोज ४०० लिटर पाणी लागते असे धरू. दुष्फेनता ४२०. गुणाकार केला असता रोज १६८ ग्रॅम क्षार काढावयाचा. एक लिटर राळ साधारणतः ५० ग्रॅम क्षार धरते. तेव्हा २५ लिटर राळेचे यंत्र १,२५० ग्रॅम धरील, म्हणजे सुमारे सात दिवस चालेल. आणि दर आठवड्यास अंदाजे अडीच ते तीन किलो मीठ लागेल. विक्रेता याहून फार मोठे यंत्र सुचवील, तर हा हिशेब त्याच्यापुढे ठेवावा. पाण्यात लोह असल्यास ते आधी काढावे, नाहीतर राळ निकामी होते.

येथे एक धोका स्पष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. ४२० दुष्फेनतेचे पाणी मृदू केले असता दर लिटरला सुमारे १९३ मिलिग्रॅम सोडियम वाढते. दिवसाला दोन लिटर पाणी प्यालो तर जवळजवळ एक ग्रॅम मीठ पोटात गेले. जागतिक आरोग्य संघटना सबंध दिवसास ५ ग्रॅमहून कमी मीठ सांगते; आणि आमच्या पिढीत रक्तदाबाचा विकार नाही असे घर विरळा. सबब मृदू केलेल्या पाण्याची जोडणी न्हाणीघर, कपडे धुण्याचे यंत्र व गिझर एवढ्यापुरतीच करावी. पिण्या-रांधण्याच्या नळास ती देऊ नये आणि बागेसही देऊ नये.

नळास चुंबक बांधून अथवा तारा गुंडाळून पाणी मृदू होते असे सांगणारेही पुष्कळ भेटतात. त्यांस एकच अट घालावी: यंत्राआधीचे व नंतरचे पाणी प्रयोगशाळेत तपासून द्या. चुंबकाने पाण्यातील कॅल्शियम कोठे जात नाही, दुष्फेनतेचा आकडा तोच राहतो.

तपासणी आधी, खरेदी मागून

ज्या स्रोताचे पाणी घरात येते, त्या प्रत्येकाचा नमुना वेगळा द्यावा. नळ काही मिनिटे वाहू देऊन, ते पाणी बादलीत धरून, मग स्वच्छ बाटली भरावी. जंतूंच्या तपासणीसाठी प्रयोगशाळेकडूनच निर्जंतुक बाटली घ्यावी व त्याच दिवशी पोहोचवावी. मानकाप्रमाणे १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा जंतू मुळीच आढळता कामा नये. कूपनलिकेचे पाणी पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर असे दोनदा तपासावे, कारण ऋतूप्रमाणे ते पालटते. खिशातील टी. डी. एस. मीटर स्वस्त व सोयीचा आहे, परंतु तो केवळ विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. जंतू, फ्लोराइड वा नायट्रेट त्यास दिसत नाहीत. वजनकाट्यावरून धान्याची जात कळत नाही, तसेच हे.

यंत्राची किंमत पाहताना तीन रकाने मांडावे: भांडवल, वर्षाची देखभाल व सुटे भाग, आणि वाया जाणारे पाणी. पुष्कळदा स्वस्त यंत्राच्या गाळण्याच पाच वर्षांत यंत्राहून महाग पडतात.

गाळलेले पाणी आणि आपला आचार

आता जो प्रश्न आपल्या घराघरांत निघतो, त्याकडे येऊ. यंत्र आले, मग छन्ना कशास हवा?

आमच्या मातोश्री आडावरून पाणी ओढीत, दुहेरी वस्त्राने गाळीत आणि छन्न्यावरील जिवाणी कडीच्या बादलीतून अलगद त्याच आडाच्या पाण्यापर्यंत पोहोचवीत. वरून ओतली तर जीव दुखावतील, म्हणून बादली पाण्याला टेकल्यावरच ती उलटी होई. शाळेत विज्ञान शिकून आलेले आम्ही तेव्हा हसत असू. २००३ साली बांगलादेशातील मतलब भागातील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जुन्या साडीच्या किमान चार घड्या करून पाणी गाळणाऱ्या गावांत पटकीचे प्रमाण ४८ टक्क्यांनी घटलेले आढळले, कारण पटकीचे जंतू ज्या सूक्ष्म जलचरांस चिकटून राहतात ते वस्त्रात अडकतात. आता आम्ही हसत नाही. तथापि वस्त्राने सर्व जंतू जातात असेही कोणी समजू नये. छन्ना प्रथमतः जीवदयेसाठी आहे. आरोग्य हा त्याचा आनुषंगिक लाभ होय.

यास्तव आमच्या घरी क्रम असा ठेवला आहे: नळास आधी स्वच्छ दुहेरी वस्त्र, मग यंत्राची गाळणी. त्यामुळे त्रस जीव यंत्रात जाऊन मरत नाहीत आणि गाळणीही अधिक काळ टिकते. कूपनलिकेची जिवाणी मूळ जागी पोहोचविणे अशक्यप्राय आहे. त्याविषयी काय करावे हे त्यागी व मुनिजनांस विचारावे, आमच्यासारख्याने निर्णय देऊ नये. गाळलेल्या पाण्याची मर्यादा परंपरेने एक मुहूर्त, म्हणजे ४८ मिनिटे मानतात. कोळशाच्या गाळणीतून क्लोरीन निघून गेलेल्या पाण्यात जंतूंस अटकाव करणारे काही उरत नाही, तेव्हा ते साठवून ठेवू नये, असे आधुनिक शास्त्रही सांगते. दोहोंची वाट निराळी असली तरी येथे ती एकत्र मिळते.

आणि मुख्य गोष्ट ही, की आपल्या शास्त्राप्रमाणे पाणी हेच अप्कायिक जीवांचे शरीर आहे. अकारण पाणी सांडणे हा अनर्थदंड होय. गरज नसताना बसविलेल्या यंत्राने वर्षाला तेहेतीस हजार लिटर पाणी मोरीत सोडावे आणि आपण मात्र शुद्ध पाण्याचे समाधान मानावे, यात विसंगती नाही काय? आम्ही ते यंत्र काढून टाकले. स्वयंपाकघरात वस्त्र, कोळशाची गाळणी व उकळणे. न्हाणीघराच्या वाटेवर बेताचे सॉफ्टनर. आणि गच्चीवरील पावसाचे पाणी टाकीत. पहिल्या पावसाने गच्ची धुऊन निघाल्यावर साठविलेले ते पाणी तर निसर्गतःच मृदू असते. गिझरची कांडी त्यानंतर जळालेली नाही.

त्या किरकोळ दुकानदारास आम्ही त्याच्या वस्तीतील पाण्याचा अहवाल दाखविला. आता तो डाळ विकताना गिऱ्हाइकास विचारतो, “आपल्याकडे पाणी कोठले?” हा प्रश्न आपण प्रत्येकाने आपल्या घरी एकदा विचारावा, उत्तर प्रयोगशाळेकडून लेखी घ्यावे, आणि मगच यंत्राच्या दुकानाची पायरी चढावी, एवढीच विनंती.

चूकभूल द्यावी घ्यावी. जय जिनेंद्र.